पंपाचा वास

माझी धाकटी जाऊ तेजश्री माझ्यापेक्षा गोरी आहे, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे आणि तिच्या पुरणपोळ्या कधी फाटत नाहीत. हे सगळं मी वर्षानुवर्षं चालवून घेतलं. पण "तेजश्रीचं नाक म्हणजे नाक आहे बाई," असं कंपनीतल्या रिसबूड मॅडम आम्हा सहाजणींच्या देखत म्हणाल्या, त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण नाक ही माझी वस्तू होती. माझ्याकडे दुसरं काही उरलेलंच नव्हतं.

मुळापासून सांगते. चाकणला जुन्या नाशिक रस्त्यावर आमचा पेट्रोल पंप होता. लग्न होऊन आले ती एकविसाव्या वर्षी त्या पंपाच्या काउंटरवर बसले आणि सत्तावीस वर्षं तिथंच बसले. अख्ख्या तालुक्यात आमच्या घराला मान होता. 'पंपावरच्या वहिनी' म्हटलं की लग्नाच्या मांडवात मला पुढची खुर्ची मिळायची. माझा दीर संदेश तेव्हा भंगारातलं प्लॅस्टिक गोळा करायचा. फुटक्या बादल्या, खुर्च्या, तेलाचे कॅन. त्याची गाडी दारात उभी राहिली की मी म्हणायची, "संदेश, जरा पलीकडे लाव हो, पाहुणे यायचेत." तेजश्री त्या गाडीत बसून माहेरी जायची. मला तिची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर ती कीव मला फार आवडायची.

मग रस्त्यावरचा आवाज कमी होत गेला. आधी रिक्षा विजेवर गेल्या, मग स्कूटर, मग मोटारी, शेवटी ट्रकसुद्धा. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नंदकुमार टेमगिरेंनी, तीन वर्षांपूर्वी पंपाला कुलूप लावलं. लोकांना वाटलं, आता तेलाचा काळ संपला. तसं काही झालं नाही. जमिनीतून तेल निघतच राहिलं, फक्त ते जायचं ठिकाण बदललं. पूर्वी पिंपातलं बहुतेक तेल गाड्यांच्या टाकीत जळायला जायचं. आता तेच तेल तोडून, मोडून, पुन्हा जोडून त्याचे प्लॅस्टिकचे दाणे होतात. आणि ते दाणे जातात कुठं? त्याच विजेच्या गाड्यांत. बॅटरी जड, म्हणून बाकीची गाडी हलकी पाहिजे. मग दारं, छत, डॅशबोर्ड, सगळं प्लॅस्टिकचं. वर सरकारचा नियम, की यातलं निम्मं प्लॅस्टिक जुनं, वितळवून पुन्हा केलेलं असलं पाहिजे. म्हणजे निम्मं भंगार.

म्हणजे संदेश. तीन वर्षांत त्याचा धुलाईचा आणि तुकडे करायचा कारखाना उभा राहिला. आमच्या घरावर त्यानं दुसरा मजला चढवला. सकाळी मी खाली अंगणात पाणी मारत असायची आणि वरच्या गच्चीतून तेजश्री विचारायची, "ताई, चहा ठेवलाय, येताय का?" तिच्या आवाजात काही खोट नसायची. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आता नाकाचं सांगते. जुन्या प्लॅस्टिकचा एक वाईट गुण आहे. ते वास पिऊन ठेवतं. तेलापासूनच झालेलं ते, त्यामुळं तेलकट वास त्यात मुरतात आणि कितीही धुतलं तरी आत राहतात. गाडी उन्हात तापली की ते हळूहळू बाहेर येतात. पूर्वी इंजिनाच्या वासात ते खपून जायचं. विजेच्या गाडीत इंजिन नाही, धूर नाही, काचा बंद, एसी चालू. मग गिऱ्हाइकाला कळतं, की आपल्या डॅशबोर्डाला कुणाच्या तरी फिनेलच्या डब्याचा वास येतोय.

म्हणून आमच्या इथल्या दाण्यांच्या कंपनीनं वास घेणाऱ्या बायका ठेवल्या. आम्ही सहाजणी. काम असं, की काचेच्या बरणीत प्लॅस्टिकचा तुकडा घालायचा, झाकण घट्ट लावून बरणी दोन तास भट्टीत तापवायची. मग ती साठ अंशांवर आली की झाकण जरा सरकवून वास घ्यायचा आणि एक ते सहा असा आकडा द्यायचा. एक म्हणजे काहीच वास नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. तीनच्या वर गेलं की माल परत. बरणीवर नुसता नंबर असायचा, माल कुणाचा ते आम्हाला कळायचं नाही. सहाजणींच्या आकड्यांची सरासरी काढायचे.

मला तिथं घेतलं ते पंपामुळं. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं मी नुसत्या वासावर ओळखायची, अशी माझी ख्याती होती. खरं तर मी ते टँकरवाल्याच्या चेहऱ्यावरून ओळखायची, पण ते कशाला सांगायचं? तेजश्रीला मीच आणलं. एक जागा रिकामी होती, मॅडमनी विचारलं, आणि मला वाटलं, येऊ दे, माझ्या हाताखाली राहील.

नियम कडक होते. कामाच्या दिवशी डोक्याला तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही, कच्चा कांदा नाही. कंपनीत गेल्यावर बिनवासाच्या साबणानं आंघोळ आणि त्यांचेच सुती कपडे. अंगाला वास लागला असेल तर आपण होऊन सांगायचं आणि त्या दिवशी बसायचं नाही. हा शेवटचा नियम तेजश्री जीवापाड पाळायची. आकडा देतानाही ती कुणाची भीड धरायची नाही. एकदा तिनं एका बरणीला सहा दिले आणि मागून कळलं, तो तिच्या नवऱ्याचाच माल होता. संदेशचा अख्खा ट्रक परत गेला. घरी आल्यावर तो चिडला, तर ही म्हणते, "वास होताच ना, मग मी काय करू?" दोन मिनिटांनी तोच हसायला लागला. मी जिन्यातून ऐकत होते. माझ्या पोटात दुखलं.

दीड वर्षापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, कंपनीनं नाकाचं यंत्र आणायचं ठरवलं. रिसबूड मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. माणसाच्या नाकात वास पकडणाऱ्या कुलपांसारख्या जागा असतात, जवळजवळ चारशे तऱ्हांच्या. प्रत्येकाचा संच थोडा वेगळा. एका माणसाच्या नाकातून कापसाच्या काडीनं पेशी घ्यायच्या, त्या एका चिपवर वाढवायच्या, की ती चिप त्या माणसासारखा वास पकडते.

"पण पकडलेला वास चांगला की वाईट, हे चिपला कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते माणसानं शिकवायचं. सहा महिने ती बाई आणि यंत्र, दोघं एकाच बरणीचा वास घेतील. बाई आकडा देईल, यंत्र शिकेल."

"मग सहाजणींचं नाक घ्या की," एकजण म्हणाली.

"सहा नाकं एका चिपवर बसत नाहीत. एकच घ्यायचं. जिचं निवडू ती यंत्राची राखणदार म्हणून राहील."

बाकीच्यांचं काय, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना समजलं होतं.

निवडीसाठी बारा शुक्रवार चाचणी ठेवली. तीच बरणी वेगळ्या नंबरानं पुन्हा यायची आणि कोण तोच आकडा देतं ते बघायचे. अकरा शुक्रवारांनंतर फळ्यावर तेजश्री पहिली होती आणि मी दुसरी, अगदी थोडक्यात. बारावा चुकवला तर नाव बाद. घरी मालक पंपाच्या जुन्या चाव्या टेबलावर मांडून बसलेले असायचे. घरात कमावणारी मी एकटी. आणि वरच्या मजल्यावर सगळं असताना हेही तिलाच? मला ते सहनच होईना.

बारावा शुक्रवार संक्रांतीनंतरचा होता. मी त्याच दिवशी हळदीकुंकू ठेवलं, दुपारी बाराला. विचारलं कुणी तर सांगितलं, की मंदाकाकूंना संध्याकाळी नीट दिसत नाही. मंदाकाकू आमच्या चुलत सासूबाई, घरात सगळ्यांत मोठ्या.

तेजश्री आली ती दारातच म्हणाली, "ताई, मला नुसतं हळदीकुंकू लावा हं. आज तीनला शेवटची चाचणी."

"अगं हो, मला माहीत नाही का? मीपण आहेच की."

आणि मी स्वयंपाकघरात गेले, उघड्या खिडकीजवळ. जाताना अत्तरदाणी काकूंच्या हातात दिली. म्हटलं, "काकू, माझे हात तिळगुळाचे आहेत, तेवढं अत्तर तुम्ही लावा सगळ्यांना. तेजश्रीपासून सुरुवात करा, धाकटी सून आहे." हिन्याचं अत्तर होतं, खास आणलेलं. ते कातडीवर दोन दिवस राहतं, कुठल्याही साबणाला दाद देत नाही.

तिथून दारातून मला बैठक दिसत होती. काकूंनी काडी पुढं केली. तेजश्रीनं हात मागं घेतला, काहीतरी बोलली. काकूंना ऐकायला कमी येतं. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पालथ्या हातावर चांगली लांब रेघ ओढली. दहा बायका बघत होत्या. सवाष्णीनं दिलेलं अत्तर, तेही थोरल्या सासूनं, पुसायचं कसं? ती नुसती बसून राहिली.

खरंतर ती ते लपवू शकली असती. बरणी उजव्या हातानं धरायची, डावा मागं ठेवायचा. दुसरी कुणी असती तर केलंही असतं. पण तेजश्री तसं करणार नाही याची मला शंभर टक्के खात्री होती. तिनं कंपनीच्या दारातच सांगितलं, "मॅडम, मला अत्तर लागलंय. मी आज बसत नाही." मॅडमचा चेहरा पडला. मी आत जाऊन आंघोळ केली, सुती कपडे घातले आणि बारा बरण्यांचे आकडे दिले.

निवड माझी झाली. पेढे मी स्वतः वर नेऊन दिले. तेजश्रीनं एक खाल्ला आणि म्हणाली, "अभिनंदन ताई." मला वाटलं रडेल, पण रडली नाही.

सहा महिने मी यंत्राला शिकवलं. पांढरं कपाटाएवढं धूड, त्याच्या पुढ्यात काचेची नळी. कंपनीतले लोक त्याला 'वहिनी' म्हणायला लागले. मला पुन्हा पुढची खुर्ची मिळाल्यासारखं झालं. बाकीच्या पाचजणी घरी गेल्या.

दिवाळीनंतर दुसरा नियम आला. उरलेल्या सगळ्या पेट्रोल गाड्या मोडीत काढायच्या. डोंगरच्या डोंगर उभे राहिले. पेट्रोल गाडीची टाकीही प्लॅस्टिकची असते, जाड आणि उत्तम प्रतीची. संदेशनं त्या टाक्या घेतल्या, चारदा धुतल्या, कागदावर स्पष्ट 'टाकी' लिहून नमुने कंपनीला पाठवले. यंत्रानं नमुन्यांना दोनचा आकडा दिला. माल पास झाला, दाणे झाले, दाण्यांचे डॅशबोर्ड झाले.

मे महिन्यात तक्रारी यायला लागल्या. विजेच्या गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हणून लोक रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पोराबाळांसकट खाली उतरायला लागले. गाडीत थेंबभर पेट्रोल नाही आणि वास तर असा, की कुणी काडी ओढली तर भडकेल. कंपनी हादरली.

रिसबूड मॅडमनी मला, संदेशला आणि तेजश्रीला बोलावलं. टेबलावर एक गरम बरणी होती.

"हा परत आलेल्या डॅशबोर्डाचा तुकडा," मॅडम म्हणाल्या. "दोनच शक्यता आहेत. एक, यंत्राला हा वास कळतच नाही. दुसरी, यंत्राला कळतो, पण तपासणीला आलेले नमुने वेगळे होते आणि ट्रकमध्ये माल वेगळा होता."

"मॅडम, मी तसलं काही केलेलं नाही," संदेश म्हणाला.

"म्हणूनच उज्ज्वलाताईंना बोलावलंय. तक्रारी आल्यापासून यंत्र सील केलंय, पण त्याला यांनीच शिकवलंय. यांना वास आला तर यंत्रालाही यायलाच हवा होता." त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली.

मी झाकण सरकवून नाक जवळ नेलं. गरम प्लॅस्टिक. बाकी काही नाही. मी पुन्हा घेतला. काही नाही. मान वर केली तर तेजश्री टेबलाच्या पलीकडे, चार हात लांब, आणि तिनं पदर नाकाला लावलेला.

मग मला समजलं. सत्तावीस वर्षं त्या काउंटरवर बसून माझं नाक पेट्रोल विसरलं होतं. आधीसुद्धा असल्या बरण्या आल्या असणार. मी दोन दिले असणार, बाकीच्या पाचजणींनी पाच, आणि सरासरीत माझी चूक बुडाली असणार. नंतर मी एकटीच उरले. चिप बिचारी वास पकडत होती, आणि मी तिला सहा महिने शिकवत होते, की हे काही नाही, हे सोडून दे.

खरं बोलले असते तर संदेश सुटत होता आणि माझं यंत्र, माझी खुर्ची, माझं नाक सगळं जात होतं. मी तेजश्रीच्या पदराकडे बघितलं आणि म्हटलं, "बापरे, केवढा वास आहे. पाच."

संदेशचा माल त्याच दिवशी बंद झाला. नमुने बदलल्याचा ठपका त्याच्या नावावर लागला, चौकशी बसली. वरचा मजला गप्प झाला. गच्चीतून चहाची हाक येईनाशी झाली. इतकी वर्षं मला हेच हवं होतं ना? मग मला जेवण का जाईना, ते कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी मालक घरात दिसेनात. शोधलं तर अंगणात. संदेशची नवी गाडी उन्हात उभी होती, त्याच दाण्यांची, आणि हे आत काचा बंद करून बसलेले. घामानं डबडबलेले. मी घाबरून दार उघडलं.

"अहो, वेड लागलंय का? बाहेर या आधी."

"बस की जरा," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांचा चेहरा इतका मोकळा मी बघितला नव्हता. "रोज येतो मी इथं. दुपारी तापली की बरोब्बर आपल्या पंपाचा वास येतो. डोळे मिटले की टँकर रिकामा होताना दिसतो."

मी शेजारी बसले. दार लावलं. खोल श्वास घेतला. काही नाही.

"येतोय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं.

ते माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "लग्न झालं तेव्हा महिनाभर नाकाला पदर लावून बसायचीस. मग एक दिवस पदर काढलास. मला वाटलं, रुळली." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे संदेशनं काही केलेलं नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली. ते दार उघडून उतरले, माझ्या बाजूला आले आणि माझंही दार उघडून धरलं. मग त्यांनी नुसतं वरच्या मजल्याकडे बघितलं.

मी जिना चढले. तेजश्री भाजी निवडत होती, संदेश कागद काढून बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बरणीचं सांगितलं, पाचचं सांगितलं. अत्तराचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती तरी. संदेश उठून आतल्या खोलीत निघून गेला आणि त्यानं दार आपटलं.

तेजश्री मेथीची पानं खुडत राहिली. "अत्तराचं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या हाताला तिळगूळ लागलेला नव्हता, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. असलं ऐकून घेण्यापेक्षा मला तिनं हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कंपनीत गेलो. मॅडमनी तीन बरण्या मांडल्या, एकीत टाकीचं प्लॅस्टिक, दोन स्वच्छ. मी तिन्हींना दोन दिले. टाकीच्या बरणीला तेजश्रीनं पाच दिले, मान लांब ठेवूनच. संदेशवरचा ठपका त्याच दुपारी निघाला. मॅडमनी कापसाची काडी काढली आणि तेजश्रीला खुर्चीत बसवलं. माझी चिप बाहेर काढून एका ट्रेमध्ये ठेवली होती, नखाएवढी. मी ती थोडा वेळ बघितली.

निघायचं तर पाय निघेना. टाकीची बरणी अजून कोमट होती. मी ती उचलली, झाकण सरकवलं आणि नाक अगदी आत घातलं. नुसतं गरम प्लॅस्टिक. मी बरणी तेजश्रीपुढं धरली.

"कसा आहे गं वास?"

तिनं जवळ घेतली. डोळे मिटले. या वेळी पदर लावला नाही.

"पेट्रोलचा आहे, पण नुसता नाही, ताई," ती म्हणाली. "दादा पंपावरून जेवायला घरी यायचे ना, ताटावर बसले की त्यांच्या शर्टाला यायचा. तो आहे. मला लग्नानंतर पहिल्यांदा या घरात तोच वास आला होता."

तो शर्ट सत्तावीस वर्षं मी धुतला. दोरीवर वाळत घातला, इस्त्री केला, बटणं लावली. आणि त्याचा वास हिच्या नाकात होता, माझ्या नाही. माझ्या छातीत अशी काही जळजळ उठली, की तेवढी ना मजल्यासाठी उठली होती, ना यंत्रासाठी.

मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"अजून एकदा सांग," मी म्हटलं. "सावकाश सांग."